पणची बारी

सात वर्षं मी पण सरांच्या हाताखाली काम केलं, आणि त्या सात वर्षांत त्यांना खुर्चीवर बसलेलं एकदाही पाहिलं नाही. टेबलामागे त्यांची खुर्ची होती, चांगली चाकांची, गोल फिरणारी. तिच्यावर डबा असायचा, छत्री असायची, कधी उदगीरहून आणलेल्या बोरांची पिशवी असायची. सर मात्र नसायचे. ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत. फोनवर बोलताना चालत, वाचताना चालत, चहासुद्धा चालता चालता पीत, त्यामुळे आमच्या फरशीवर एका रेषेत चहाचे ठिपके पडलेले असत. भेटायला आलेला माणूस समोर बसला, की पाच मिनिटांत तोही उठून उभा राही. डावी-उजवीकडे बघून बघून बिचाऱ्याची मान अवघडलेली असे.

त्यांचं कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण लातुरात त्या नावानं चौकशी केली तर कुणी पत्ता सांगत नसे. 'पण सर' हे नाव त्यांच्या क्लासमधलं. फर्म काढण्याआधी ते बारावीच्या मुलांना गणित शिकवत, आणि हदगावहून शिकायला आलेली, चौघींच्या खोलीत एका कॉटवर राहणारी मी त्यांची विद्यार्थिनी होते. कुणी फळ्यावर बरोबर उत्तर काढलं, तरी सर 'शाबास' म्हणत नसत. हातात खडू खेळवत म्हणत, "आलं उत्तर. पण?" मग त्या मुलानं स्वतःच्याच उत्तराविरुद्ध बोलायचं. कुठे घसरलो असतो, काय गृहीत धरलं, दुसऱ्या वाटेनं गेलो असतो तर काय झालं असतं, सगळं. बाकीच्या क्लासमध्ये पोरं उत्तर चुकलं की रडत. आमच्याकडे बरोबर आलं तरी रडायची वेळ येई.

लातूरला येणाऱ्या पोरांना डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं असतं. मला दोन्ही जमलं नाही. बी.एस्सी. करून हदगावला घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन स्थळं येऊनही गेली होती. तेवढ्यात सरांचा फोन आला. "ए हदगाव, क्लास सोडला मी. नवं काम काढलंय. येतीस का?" काय काम, हे मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशीची एसटी पकडली.

काम काय, हे लातुरात पुढेही बरीच वर्षं कुणाला धड सांगता आलं नाही. कुणी शेअर बाजार म्हणे, कुणी तोंडावर सट्टा म्हणे. माझे वडील गावात सांगत, "पोरगी मोंढ्यात हाय, पण तितं पोतं न्हाई की काटा न्हाई." इंग्रजीत अशा फर्मला हेज फंड म्हणतात. लोकांनी विश्वासानं दिलेला पैसा एकत्र करायचा आणि सोयाबीन, हरभरा, हळद यांचे पुढच्या महिन्यांतले भाव, म्हणजे वायदे, घ्यायचे किंवा विकायचे. मात्र एका हातानं काही घेतलं, तर दुसऱ्या हातानं काहीतरी विकून ठेवायचंच, म्हणजे एक हात भाजला तरी दुसरा शाबूत राहतो. सरांचे वडील उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होते; त्यांनी जन्मभर लोकांचं धान्य तोललं. सर म्हणत, "अब्बा सांगायचे, एकाच पारड्याकडं बघणारा मापाडी चोर तरी असतो, न्हाईतर आंधळा तरी. आपली फर्म म्हणजे तेच. दोन्ही पारड्यांवर डोळा. बस."

फर्मचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांचे हात भाजले त्यांना तर ते विसरताच येणार नाही. गंजगोलाईजवळ एका भांड्यांच्या दुकानावर आमची खोली होती. खाली दिवसभर पातेली वाजत. वर आम्ही चौघं. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत, तालुक्याच्या नावानं मारत. मी हदगाव. कॉम्प्युटरवरचं सगळं सांभाळणारा, जंगलातल्या गावातून निवासी शाळेत शिकून आलेला हुशार माणूस म्हणजे किनवट. आणि तीस वर्षं अडत दुकानात मुनीम म्हणून काढलेले, बोलताना मध्येच कानडीत घुसणारे साठीतले गृहस्थ म्हणजे निलंगा. सर स्वतः उदगीर. निलंग्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, हेज म्हंजे कुंपणच ना? मग आपलं शेत कुटं हाय?" सर चालता चालता म्हणाले, "शेत रविवारी."

आणि खरंच, शेत रविवारी असे. पिकाच्या दिवसांत दर रविवारी प्रत्येकानं आपापल्या तालुक्यात जायचं, चार रानं हिंडायची आणि एक झाड मुळासकट उपटून आणायचं, असा नियम होता. सोमवारी सकाळी टेबलावर चार तालुक्यांची चार झाडं, मुळांना ओली माती, आणि आम्ही शेंगा मोजतोय. एसटीत मांडीवर सोयाबीनचं झाड घेऊन बसलेली मी लग्नाच्या वयाची मुलगी. हदगावच्या स्टँडवर माझ्याविषयी काय काय बोललं जाई, ते आईच्या कानावर रोज येत असे. सर म्हणत, "सरकारचा अंदाज कागदावर असतो. व्यापाऱ्याचा अंदाज त्याच्या खिशात असतो. झाड खोटं बोलत न्हाई." आणि ते खरं निघत असे. मोठमोठ्या शहरांतले लोक छापील आकड्यांवर जाऊन फसत, आणि भांड्यांच्या दुकानावरची आमची खोली बरोबर ठरत असे. आम्हाला त्याचा माज आला होता, हे आज कळतं.

दुसरा नियम फेरीचा. लोक सकाळी बैठक घेतात. सरांना बसायचंच नसल्यामुळे आमची फेरी असे. बाजार उघडायच्या आधी गंजगोलाईला एक पूर्ण वळसा घालायचा. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथे. दुकानांची शटर वर जात असतात, झाडलोट चालू असते, आणि त्यातून आम्ही चौघं वाट काढत बोलतोय. सर पुढे, मी आणि किनवट मागे, आणि निलंगा दम लागून त्याच्याही मागे, "सर, स्वल्प हळू!" म्हणत. आज काय घ्यायचं, काय विकायचं हे सर सांगत. मग विचारत, "आज पणची बारी कोणाची?" बारीचा कागद भिंतीवर लावलेला असे, चौघांची नावं, वारानुसार फिरती. ज्याची बारी असेल त्यानं ठरलेल्या गोष्टीविरुद्ध बोलायचं. स्वतःला पटत असो वा नसो, बोलायचं. गोलाईचा वळसा पूर्ण होईपर्यंत त्याचं बोलणं कुणी तोडायचं नाही. सरांनी ठरवलेले कितीतरी सौदे त्या अर्ध्या वळशात रद्द झालेले मी पाहिले आहेत. एकदा तर त्यांच्या स्वतःच्याच बारीला त्यांनी स्वतःला इतकं झाडलं, की निलंगा हात जोडून म्हणाले, "सर, बास करा, माणसं बघून राहिलीत."

फर्मचं नाव झालं तसं मुंबईहून बोलावणं आलं. मोठी गुंतवणूक करणारे लोक होते. सरांबरोबर मी गेले. काचेची बिल्डिंग, गार हवा, आणि इतका मऊ सोफा की मी बसले ती बुडालेच. सर बसले नाहीत. समोरच्या साहेबांनी दोनदा सांगितलं, "प्लीज, बसा ना." सर म्हणाले, "बसलं की माणूस आपल्याच बाजूनं बोलतो." आणि खिडकीपासून दारापर्यंत चालू लागले. तुमची जोखीम सांभाळायची पद्धत काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा सरांनी माझ्या पिशवीतून हदगावचं झाड काढून त्या चकचकीत टेबलावर ठेवलं. माती सांडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी त्यांना फेरी सांगितली, पणची बारी सांगितली. मग म्हणाले, "आता तुम्ही आम्हाला पैसे का देऊ नयेत, ते सांगा. पाच मिनिटं. मी ऐकतो." ते लोक आधी हसले, मग खरंच बोलू लागले, आणि शेवटी त्यांनी पैसे दिले. परतीच्या गाडीत सर लातूर येईपर्यंत डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, आणि मी टीसीला सांगत होते की ते आमच्यातलेच आहेत, काही काळजी करू नका.

त्यांच्या अम्मी उदगीरला असत. मी एकदा झाडासाठी तिकडे गेले तेव्हा त्यांनी मला जेवायला बसवलं आणि सरांना माझ्यादेखत विचारलं, "बेटा, तेरा ये काम मटका तो नै ना?" सर म्हणाले, "नै अम्मी. मटकेवाला एकीच आकडा लगाता. मैं दोनो तरफ रखता." अम्मींनी क्षणभर विचार केला. "फिर कायकू इत्ता फिरता रे? जिसका दिल साफ है वो बैठता." सर ताट हातात घेऊन अंगणात गेले आणि तिथे उभ्यानं जेवले. अम्मी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बचपन से ऐसाइच है. बाप तोलता था, ये पीछे खड़ा रहता था." त्या माउलीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आजही माझ्या तोंडात आहे.

आता ते वर्ष. ते सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आले.

माझे वडील दरवर्षी थोडा कापूस, थोडं सोयाबीन घेत. त्या वर्षी मी शहाणपण केलं. आमच्या ऑफिसातले तक्ते त्यांना समजावून सांगितले आणि म्हटलं, आण्णा, यंदा सगळं रान सोयाबीनला द्या. वडील मला कधी नाही म्हणत नसत. त्यांनी सगळं रान दिलं. आणि ऑगस्टात, पीक ऐन फुलात असताना, पावसानं दडी मारली. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा फुलं गळून गेली होती, ज्या शेंगा धरल्या होत्या त्या चपट्या होत्या, आणि झाड उपटायला हात लावला तर पानं चुरडली. वडील बांधावर उभे होते. मी म्हटलं, "आण्णा, चुकलं माझं." ते म्हणाले, "तुझं कामून चुकतंय? पाऊस तुज्या हातात हाय का?" आणि मला एसटीला सोडायला आले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी एसटीत दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नांदेडहून हळद भरून ट्रक इंदूरकडे नेतात. ते तिकडूनच बोलत होते. "हदगावला काय झालं ऐकलं म्या. लई वाईट झालं. पण इकडं काय पीक हाय म्हनतीस! वाटंनं दोन्हीकडं हिरवंगार. सोयाबीन कमरंला लागायलंय, शेंगा नुसत्या लोंबायल्यात. इकडं पाऊसबी येळंवर झाला." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मांडीवर जळालेलं झाड होतं. दाजी सांगतात त्याचा अर्थ मला ताबडतोब कळला होता: तिकडचं पीक एवढं आलं तर भाव पडणार. आणि माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, फक्त एवढंच होतं की भाव चढला पाहिजे. निदान जे चार पोती निघेल त्याला तरी चांगला भाव मिळू दे. मला तोंड दाखवायला जागा राहील.

सोमवारी सकाळी टेबलावर चार झाडं होती आणि चारही करपलेली. किनवटचं झाड जंगलाच्या कडेचं म्हणून जरा हिरवं, पण फुलं त्याचीही गेलेली. सर त्या दिवशी फेरीला असे निघाले की आम्हाला पळावं लागलं. म्हणाले, "या वेळी घ्यायचं. अन् दुसऱ्या हातानं विकायचं न्हाई. दोन्ही हातांनी घ्यायचं. आपल्या डोळ्यांनी बघितलंय आपण." किनवट म्हणाला, "सर, मध्य प्रदेशचा अंदाज चांगला आलाय." सर म्हणाले, "तो कागद हाय." किनवट गप्प झाला. एरवी झाला नसता. पण विरुद्ध बोलायचं काम त्या दिवशी त्याचं नव्हतं, आणि आमच्यात ती एक वाईट सवय लागून गेली होती, की ज्याची बारी त्यानं बघावं.

"पणची बारी कोणाची आज?"

"माझी," मी म्हटलं.

"बोल. पण?"

वळसा अजून अर्धा बाकी होता. बोलायला खूप वेळ होता. मी म्हटलं, "आज पण नाही, सर."

सर थांबले. चालता माणूस थांबला, म्हणून मागून येणारे निलंगा माझ्या अंगावर आदळले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक हाय. चला." आणि चालू लागले.

पुढचं काही लांबवत नाही. दसऱ्याच्या सुमारास नवा माल बाजारात यायला लागला आणि भाव रोज थोडा थोडा उतरू लागला. दाजींच्या त्या हिरव्यागार वाटेवरचं सगळं सोयाबीन येत होतं. आम्ही आमच्या चार बांधांवर उभं राहून अख्खा देश बघितला होता. सर खिडकीपासून दारापर्यंत चालत राहिले, फेरी चालू राहिली, रोजच्या बारीला रोज 'पण?' विचारलं जाई, आणि आता सगळेच भरभरून बोलत. दिवाळीनंतर मुंबईच्या लोकांनी आपले पैसे परत मागितले. मग लातूरच्या लोकांनी. उन्हाळा लागायच्या आत फर्म बंद झाली. खालच्या दुकानाची पातेली आमच्या रिकाम्या खोलीत जास्तच मोठ्यानं ऐकू येत.

बंद करायच्या आधी सरांनी सगळ्या गुंतवणूकदारांना एका हॉलमध्ये बोलावलं. त्या सकाळी मी ऑफिसात गेले तर भिंतीवरचा बारीचा कागद नव्हता. नुसती टाचण्यांची चार भोकं. मला वाटलं, आवराआवरीत काढला असेल. हॉलमध्ये मी दुसऱ्या रांगेत निलंग्यांच्या शेजारी बसले. स्टेजवर खुर्च्या होत्या. सर उभे होते. हाडांचे एक डॉक्टर उठले. रागावले नव्हते, थकले होते. म्हणाले, "सर, तुम्ही आम्हाला ती पणची बारी अभिमानानं सांगितली होती. मी ती माझ्या दवाखान्यात सुरू केली. मला एवढंच सांगा, हा सौदा ठरला त्या दिवशी बारी कोणाची होती?"

सर म्हणाले, "माझी."

निलंग्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं, माझ्या अंगावर आदळले होते ते. मला उठायला किती वेळ लागला असता? गुडघे सरळ करायचे आणि दोन शब्द बोलायचे. मी उठले नाही. डॉक्टर बसले, दुसऱ्यानं दुसरा प्रश्न विचारला आणि सभा पुढे गेली. बाहेर आल्यावर निलंगा म्हणाले, "इरली बिडु, ताई." म्हणजे असू दे, जाऊ दे. एखादा सौदा भाजला की ते नेहमी हेच म्हणत. मला त्यांचा इतका राग आला, की मी त्यांना न भेटताच नांदेडला निघून गेले.

नांदेडला शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक कंपनी आहे. सभासदांचं सोयाबीन आणि हळद एकत्र करून विकते. तिथे मी नोकरी धरली आणि महिनाभरात पणची बारी सुरू केली. कुणी विचारलं, ही पद्धत कुठली, तर मी सांगत असे, अशीच. सरांना ईदला आणि शिक्षकदिनाला मेसेज करी. त्यांचं उत्तर येई, "खुश रहो. पण?" त्या 'पण'ला काय लिहावं हे मला कधी सुचलं नाही. चार वर्षं अशीच गेली. फर्म बंद झाल्यावर सर उदगीरलाच राहायला गेले होते, आणि उदगीर काही परदेशात नाही. दर महिन्याला मी ठरवी, या रविवारी जायचं, आणि दर महिन्याला काहीतरी निघे. खरं सांगायचं तर काही निघत नसे.

मग किनवटचा फोन आला. अम्मी गेल्यापासून सर एकटेच होते, आणि आता त्यांचा मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला नेत होता. शनिवारची दुपारची गाडी. मी सकाळची एसटी पकडली.

उदगीरच्या स्टेशनावर मुलगा सामानाजवळ बसला होता आणि सर प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत होते. वाळले होते, उजवा पाय ओढत होते, पण चालत होते. मला पाहून म्हणाले, "ए हदगाव, झाड आणलंस का?" मला हसू आलं आणि रडूही आलं. गाडी उशिरा होती. मी त्यांच्याबरोबर चालू लागले. प्लॅटफॉर्मचं छप्पर संपतं तिथपर्यंत जायचं आणि वळायचं. दुसऱ्या वळणावर मी सगळं सांगून टाकलं. दाजींचा फोन सांगितला. वडिलांचं सगळं रान माझ्या सांगण्यावरून सोयाबीनला गेलं होतं, ते सांगितलं. हॉलमध्ये मी बसून राहिले, तेही सांगितलं. सर चालत होते, ऐकत होते. छपराच्या टोकाला पोचलो तेव्हा मी थांबले.

"पण?" ते म्हणाले.

मला संताप आला. इतक्या वर्षांनी, सगळं सांगून टाकल्यावर, पुन्हा तेच. "सर, आता कसला पण? चूक माझी होती. त्याला उलटी बाजू नाही."

"असंच म्हणलीस तू तवा बी," सर म्हणाले. "आज पण न्हाई, सर."

सर वळले, आणि मी त्यांच्या मागे चालू लागले.

"इंदूरचं सांगितलं असतंस, तर मी ऐकलं असतं का? किनवटचा कागद ऐकला का मी? ट्रकवाल्या दाजीचा फोन तर हवेतच उडवला असता. ते न्हाई तू लपवलंस, बेटा. तू लपवलंस ते दुसरंच. तू म्हणायचं होतंस, सर, माझ्या बापाचं रान जळालंय, अन् मला भाव वर गेलेला पायजे. एवढं बोलली असतीस ना, तर मी तिथंच थांबलो असतो. कारण माझं बी तेच होतं. माझ्या भावाचं रान जळालं होतं इथं. निलंग्याचं जळालं होतं. किनवटच्या मामाचं जळालं होतं. चार जळालेली माणसं भाव ठरवायला निघाली होती, अन् चौघांतल्या एकानं बी ते सांगितलं न्हाई."

"मग हॉलमध्ये तुम्ही तुमचं नाव का घेतलं?"

"खोटं न्हाई बोललो. तू पण न्हाई म्हणलीस, तवा मी थांबलो होतो की न्हाई? निलंगा आदळला तुझ्यावर. माझ्या मनात आलं होतं, हिला पुन्हा विचारावं. सात वर्षांत कुणी पण न्हाई असं म्हणलं नव्हतं. न्हाई विचारलं. चाललो. त्या पावलाला बारी माझीच होती." मग म्हणाले, "कागद मात्र मीच काढला भिंतीवरचा. ते चुकलं. आपल्याला उठायची संधीच दिली न्हाई, असं वाटलं असंल तुला."

"नाही सर," मी म्हटलं. "संधी होती. मी उठले नाही."

"हाव," सर म्हणाले. "ते खरं हाय."

याच्यापेक्षा मोठी माफी मला कुणी दिलेली नाही. त्यांनी माझी चूक माझ्याकडेच ठेवली, आणि त्यांच्या वाट्याची उचलून घेतली.

परत येताना बाकाजवळ त्यांचा पाय अडखळला. मी हात धरला. सर म्हणाले, "गुडघे गेले, बेटा," आणि बाकावर बसले. मला काय करावं कळेना. त्यांचा मुलगाही उठून उभा राहिला. सरांनी शेजारची जागा हातानं झटकली आणि मला बसायला सांगितलं, आणि आम्ही गाडी येईपर्यंत तिथे बसून होतो. काही विशेष बोललो नाही. हदगावला पाऊस कसा आहे, आण्णांची तब्येत कशी आहे, निलंगा अजून सकाळी फिरतात का, एवढंच. गाडी आली, मुलानं सामान चढवलं, सर चढले. गाडी हलली तेव्हा ते डब्यात उभे होते, आणि एका खिडकीतून पुढच्या खिडकीत, तिथून त्याच्या पुढच्या खिडकीत दिसत होते. गाडीबरोबर चालत होते की माझ्या बाजूला येत होते, ते मला सांगता येणार नाही.

सोमवारी नांदेडला आमच्या कंपनीची सकाळची बैठक होती. सभासदांचं सोयाबीन आत्ताच विकायचं की धरून ठेवायचं, हे ठरायचं होतं. बहुतेकांचं मत धरून ठेवावं असं पडलं. फळ्यावर बारीला माझं नाव होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खुर्ची मागे सारली आणि उठून उभी राहिले.

"माझ्या वडिलांच्या घरात यंदाचं वीस पोती सोयाबीन अजून पडून आहे," मी म्हटलं. "भाव वाढावा असं मलाही वाटतं. हे आधी ऐका, आणि मग माझा पण ऐका."